उंदराची वाट आणि आजोबांची वाट

प्रश्न: मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या आजोबांनी (वय ७४) छत्तीस वर्षे कोल्हापुरात रिक्षा चालवली. दिवाळीनंतर मिरजकर तिकटीजवळ रस्ता खोदला होता, त्यामुळे अंबाबाईच्या दर्शनाला जाताना त्यांना नेहमीची वाट सोडावी लागली आणि ते आम्हाला तासाभराने गंगावेशीत सापडले. नेहमीच्या वाटेने ते आजही बिनचूक जातात. चाळीस वर्षांपूर्वीच्या कोल्हापूरचा नकाशा तर दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढून देतात. मला लघुप्रबंधासाठी स्मृती आणि वाट शोधणे हा विषय घ्यायचा आहे. मार्गदर्शक म्हणतात, पांढऱ्या उंदरांवर काम कर. वडील म्हणतात, उंदराचे पाहून माणसाचे काय कळणार? मलाही आता तसेच वाटू लागले आहे. या दोन्हींची सांगड खरोखर घालता येते का? मी कोणता विषय घ्यावा? आणि आजोबांसाठी काय करावे?
– एक विद्यार्थिनी, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर: तुमचे पत्र मी दोनदा वाचले. एकदा तीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवलेली शिक्षिका म्हणून वाचले, आणि दुसऱ्यांदा, जिची आई शेवटच्या वर्षांत स्वतःच्याच गल्लीच्या तोंडाशी येऊन थबकत असे अशी मुलगी म्हणून. म्हणून तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते.

लघुप्रबंधाचा विषय महिन्याभराने ठरला तरी चालेल, परंतु आजोबांची तपासणी याच आठवड्यात व्हायला हवी. आयुष्यभर ज्या शहरात रिक्षा चालवली तिथेच वाट चुकणे, ही ‘वय झाले’ असे म्हणून सोडून देण्याची गोष्ट नाही. त्याचबरोबर हे ऐकल्या ऐकल्या अल्झायमरचे नाव घेऊन घर हवालदिल करणेही योग्य नाही, कारण बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा बिघाड, नैराश्य, मोडलेली झोप, दिसण्या-ऐकण्यातली घट किंवा नव्याने सुरू झालेली एखादी गोळी यांमुळेही माणूस असा गोंधळतो, आणि यांपैकी बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. नेहमीच्या डॉक्टरांकडून मेंदूविकारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी घ्या किंवा सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातून सुरुवात करा. चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. डॉक्टरांना ‘आजोबा विसरतात’ एवढेच सांगू नका. पत्रात मला जे सांगितले आहे, म्हणजे नेहमीची वाट जमते, वळसा पडला की चुकते आणि जुने शहर मात्र लख्ख आठवते, ते त्याच शब्दांत कागदावर लिहून द्या. तुमच्या निरीक्षणातला हा फरक किती मोलाचा आहे, ते सांगायला मला उंदरांकडेच वळावे लागणार आहे.

आता सांगडीविषयी. सांगड घालता येते असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र ती कोणत्या सांध्यावर घालायची हे आधी ठरवावे लागते. अमेरिकेतल्या बर्कले येथील एडवर्ड टॉलमन या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये ‘कॉग्निटिव्ह मॅप्स इन रॅट्स अँड मेन’ हा प्रसिद्ध लेख लिहिला, तेव्हापासून उंदीर आणि माणूस या विषयात शेजारी शेजारी उभे आहेत. भुलभुलैयात मोकळा फिरलेला उंदीर नुसती वळणे पाठ करत नाही, तो त्या जागेचा एक नकाशाच डोक्यात तयार करतो, हे टॉलमनचे म्हणणे काळाच्या कसोटीला उतरले. त्याच लेखाच्या अखेरीस मात्र तो उंदरांच्या अरुंद आणि रुंद नकाशांवरून थेट माणसांच्या सामाजिक द्वेषापर्यंत पोहोचला. त्यामागची कळकळ खरी होती, पण ती उडी पुराव्याच्या बळावर मारलेली नव्हती. तुमच्या वडिलांना जी शंका वाटते ती अशा उड्यांमुळेच वाटते, म्हणून तिला मी अडाणीपणा म्हणणार नाही.

या विषयाचे दोन प्रवाह कित्येक वर्षे वेगवेगळे वाहत होते. माणसांच्या बाजूने पाहिले तर १९५३ मध्ये विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने हेन्री मोलेसन या सत्तावीस वर्षांच्या तरुणाच्या फिट्स थांबाव्यात म्हणून त्याच्या मेंदूत दोन्ही बाजूंना कानशिलांच्या आत असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा हिस्सा काढून टाकला. फिट्स पुष्कळ कमी झाल्या, परंतु त्यानंतर घडलेली नवी गोष्ट त्याच्या लक्षात राहीना. स्कोव्हिल आणि ब्रेंडा मिलनर यांनी १९५७ मध्ये ही हकिगत प्रसिद्ध केली आणि हिप्पोकॅम्पस म्हणजे नव्या आठवणींची जागा, अशी समजूत रूढ झाली. प्राण्यांच्या बाजूने पाहिले तर लंडनमध्ये जॉन ओ’कीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्स्की यांना १९७१ मध्ये उंदराच्या त्याच हिप्पोकॅम्पसमध्ये अशा चेतापेशी सापडल्या, की उंदीर एखाद्या ठराविक ठिकाणी आला म्हणजे त्यांतली ठराविक पेशी जागी होते आणि तो तिथून हलला की ती शांत होते. या झाल्या स्थान-पेशी. म्हणजे माणसांवर काम करणारे म्हणत होते ‘स्मृती’ आणि उंदरांवर काम करणारे म्हणत होते ‘ठिकाण’, आणि अवयव मात्र एकच होता. ओ’कीफ आणि लिन नॅडेल यांनी १९७८ मध्ये या दोन्हींची गाठ घालणारा ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की जागेचा नकाशा हीच ती चौकट, जिच्यात माणूस प्रसंगांच्या आठवणी बसवतो. आपल्यालाही लहानपणचा एखादा प्रसंग आठवताना आधी जागा आठवते, मग माणसे. तुमच्या आजोबांना विचारून पाहा, कुठल्याही प्रवाशाची गोष्ट ते ‘बिंदू चौकात तो बसला’ अशीच सुरू करतील.

पुढे नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम येथे मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या गटाने २००५ मध्ये हिप्पोकॅम्पसला लागूनच असलेल्या एंटोरायनल भागात जाळी-पेशी शोधल्या. उंदीर मोकळ्या जागेत फिरत असताना अशी एकच पेशी अनेक ठिकाणी जागी होते आणि ती ठिकाणे कागदावर मांडली तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी रचना दिसते. ओ’कीफ आणि मोझर दांपत्य यांना २०१४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले ते या कामासाठी. तुमच्या घरातल्या चिंतेशी याचा संबंध असा, की हाइको आणि एव्हा ब्राक यांनी १९९१ मध्ये मृत रुग्णांच्या मेंदूंवरून दाखवले, की अल्झायमरमध्ये चेतापेशींच्या आत साठणाऱ्या प्रथिनांच्या गुंत्यांची सुरुवात याच एंटोरायनल परिसरातून होते. ज्या भागात उंदराची जाळी सापडली तोच भाग माणसाच्या या आजारात आधी ग्रासला जातो. हे लक्षात आल्यामुळेच, शब्द विसरण्याआधी वाट विसरणे हे लवकरचे लक्षण असू शकते का, असा प्रश्न आज जगभर विचारला जातो आहे.

परंतु माणसाच्या मेंदूत या पेशी आहेत हे कळले कसे? उंदराच्या डोक्यात बसवतात तशी तार कोणाच्याही डोक्यात नुसत्या कुतूहलापोटी बसवता येत नाही. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्माराच्या काही रुग्णांच्या मेंदूत, फिट नेमकी कोठून उठते हे शोधण्यासाठी, शस्त्रक्रियेआधी काही दिवस इलेक्ट्रोड ठेवावे लागतात. अशा ७ रुग्णांनी संमती दिली आणि रुग्णालयातल्या खाटेवर पडल्या पडल्या संगणकावरच्या एका काल्पनिक गावात टॅक्सी चालवली. प्रवासी घ्यायचा आणि सांगितलेल्या दुकानाशी सोडायचा, असा तो खेळ होता. अर्न एकस्ट्रॉम, मायकेल कहाना, इत्झाक फ्रीड आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या कामात माणसाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ठिकाणानुसार जागणाऱ्या पेशी आढळल्या, तर शेजारच्या भागात एखादे विशिष्ट दुकान नजरेस पडल्यावर जागणाऱ्या पेशी आढळल्या. तुमच्या वडिलांना हे आवर्जून सांगा. उंदरात पाहिलेले माणसात खरोखर आहे का, हे तपासण्यासाठी ज्यांनी आपल्या आजारपणातले ते अवघड दिवस दिले, त्या रुग्णांविषयी मला फार कृतज्ञता वाटते. माणसातल्या जाळी-पेशींचे तसेच झाले. २०१० मध्ये फंक्शनल एमआरआयवरून त्यांची चाहूल लागली आणि २०१३ मध्ये अशाच रुग्णांच्या एकेका पेशीची नोंद घेऊन प्रत्यक्ष पुरावा मिळाला.

इथे ‘चाहूल’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. एमआरआयमध्ये पेशी दिसत नाहीत; मेंदूच्या त्या भागातल्या रक्तातील ऑक्सिजनचे चढउतार दिसतात, आणि एका ठिपक्यात लाखो पेशी येतात. शिवाय यंत्रातला माणूस निश्चल पडलेला असतो. उंदीर मात्र पायांनी धावतो, मिशांनी भिंत चाचपतो, त्याला वास येतो आणि कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय सतत काम करत असते. आणखी एक उदाहरण सांगते. उंदीर चालू लागला की त्याच्या हिप्पोकॅम्पसमध्ये थीटा नावाची विद्युत लय अखंड चालते, आणि जाळी-पेशी या लयीमुळेच घडतात असे बरीच वर्षे मानले जात होते. इस्रायलमध्ये नाखुम उलानोव्स्की यांच्या गटाने २०११ मध्ये वटवाघळांत जाळी-पेशी दाखवल्या, पण ती अखंड लय तिथे नव्हती. माणसातही ही लय तुटक असते. केवळ उंदरावर थांबलो असतो तर एक चुकीचे कारण आपण माणसाला चिकटवून बसलो असतो. म्हणून दोन प्राण्यांत सारखेपणा दिसला की तिसरा प्राणी विचारात घ्यावा, असे मी विद्यार्थ्यांना सांगत आले.

आता तुमच्या आजोबांच्या वाटेला सर्वांत जवळचा जो प्रयोग आहे, तो थोडा विस्ताराने सांगते. आमच्या प्रयोगशाळेत पूर्वी प्लायवुडचा अधिक चिन्हाच्या आकाराचा एक भुलभुलैया होता. उंदराला नेहमी खालच्या हातातून, म्हणजे चिन्हाच्या खालच्या पट्टीच्या टोकाकडून, सोडायचे आणि डावीकडच्या हाताच्या टोकाशी वाटीत शेंगदाणा ठेवायचा. काही दिवसांत उंदीर न थबकता डावीकडे वळू लागतो. मग एके दिवशी त्याला वरच्या हातातून, म्हणजे उलट्या टोकाकडून सोडायचे. आता डावीकडे वळणारा उंदीर रिकाम्या बाजूला पोहोचतो आणि ज्याला ‘शेंगदाणा खिडकीच्या बाजूला असतो’ हे कळलेले असते, तो उजवीकडे वळून बरोबर वाटीशी जातो. एक उंदीर मला अजून आठवतो. तो ठामपणे डावीकडे वळला, रिकाम्या टोकाशी गेला, जिथे वाटी असायला हवी होती तिथली फळी हुंगली, मागच्या पायांवर उभा राहिला आणि मिशा हलवत कितीतरी वेळ खिडकीकडे पाहत राहिला. त्याची वाट चुकली होती. पण खिडकी कुठे आहे हे त्याला ठाऊक नव्हते, असे मला त्या क्षणी म्हणवेना.

मार्क पॅकार्ड आणि जेम्स मॅकगॉ यांनी १९९६ मध्ये हाच प्रयोग एक पाऊल पुढे नेला. त्यांनी उंदरांची परीक्षा आठव्या दिवशी आणि पुन्हा सोळाव्या दिवशी घेतली. आठव्या दिवशी बहुतेक उंदीर जागा ओळखून वळले, सोळाव्या दिवशी बहुतेक उंदीर सवयीने वळले. म्हणजे नवी वाट आपण आधी नकाशाने शिकतो आणि मुरली की ती सवयीच्या हवाली करतो. मग त्यांनी परीक्षेच्या आधी लिग्नोकेन, म्हणजे दाताचे डॉक्टर हिरडी बधिर करायला वापरतात ते औषध, मेंदूतल्या एकेका भागात टोचून पाहिले. आठव्या दिवशी हिप्पोकॅम्पस बधिर केला तर जागा ओळखणे संपले. सोळाव्या दिवशी सवयीचा भाग, ज्याला कॉडेट म्हणतात, तो बधिर केला तर काय व्हावे? उंदीर गोंधळले नाहीत. ते पुन्हा जागा ओळखून वळू लागले. सवयीखाली नकाशा शिल्लक होता. आमच्या त्या खिडकीकडे पाहणाऱ्या उंदराचे कोडे मला या निष्कर्षाने उलगडले. मॉन्ट्रियल येथे ज्युसेपे इयारिया, वेरोनिक बोहबोट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये माणसांना संगणकावरच्या आठ वाटांच्या भुलभुलैयात सोडले, तेव्हा जवळपास निम्मे लोक आपणहून खुणांवरून वाट काढत होते आणि बाकीचे वाटा मोजून; सराव वाढला तसे खुणा पाहणाऱ्यांतलेही काही जण मोजण्याकडे वळले. खुणांवर विसंबणाऱ्यांत हिप्पोकॅम्पस आणि मोजणाऱ्यांत कॉडेट कामाला लागलेले दिसले. उंदरातली विभागणी आणि माणसातली विभागणी इथे एकमेकींना भेटते, आणि मी ज्या सांध्याविषयी बोलत होते तो हाच. ‘पोहोचला की नाही’ या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. ‘कशाच्या आधाराने पोहोचला’ हा प्रश्न उंदराला आणि माणसाला सारख्याच शब्दांत विचारता येतो, आणि उलट्या टोकाकडून सोडले की दोघेही उत्तर देतात.

आता आजोबा. नेहमीची वाट बिनचूक, वळसा पडला की चूक, हे चित्र सवय शाबूत आणि नकाशा अशक्त असल्यासारखे दिसते खरे. तरीही मी तिथे थांबते, आणि तुम्हीही थांबावे, कारण माणसांवरचा पुरावा इतका सरळ नाही. एका विषाणूजन्य आजारात ज्यांचे दोन्ही हिप्पोकॅम्पस नष्ट झाले होते, अशा ई.पी. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकेतल्या वृद्ध गृहस्थांचा अभ्यास एडमंड टेंग आणि लॅरी स्क्वायर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. तरुणपणी सोडलेल्या गावातली वाट ते अचूक सांगत, मुख्य रस्ता बंद असेल तर वळसाही सांगत. आजारानंतर ज्या नव्या वस्तीत ते राहत होते, तिथली मात्र एकही वाट त्यांना सांगता येत नव्हती. मोलेसनलाही शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या घराचा नकाशा वर्षानुवर्षे तिथे वावरल्यावर काढता येत असे. दुसरीकडे लंडनमध्ये एलिनॉर मॅग्वायर यांनी २००६ मध्ये टी.टी. या टॅक्सीचालकाविषयी लिहिले. त्यांनी ३७ वर्षे टॅक्सी चालवली होती आणि आजारात दोन्ही हिप्पोकॅम्पसना इजा झाली होती. मोठ्या हमरस्त्यांवरून ते ठीक जात, हमरस्ता सोडून आतल्या रस्त्यांत शिरावे लागले की हरवत. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात, आणि त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो हे याच मॅग्वायर यांनी २००० मध्ये दाखवले होते. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचे गाव हिप्पोकॅम्पसशिवाय आठवू शकते, पण बारीकसारीक गल्ल्यांना कदाचित तो अखेरपर्यंत लागतो. उंदराचे आयुष्यच दोन-तीन वर्षांचे. पन्नास वर्षे जुन्या आठवणीचे काय होते, हे तो आपल्याला सांगू शकत नाही. तिथे फक्त माणूसच बोलू शकतो. आजोबांनी काढलेला जुन्या कोल्हापूरचा नकाशा म्हणूनच मनाला आनंद देणारा असला, तरी ‘म्हणजे सगळे ठीक आहे’ असा त्याचा अर्थ कृपया घेऊ नका.

विषयाच्या निवडीबद्दल माझे मत असे आहे. प्रयोग माणसांवर करा, पण त्याची आखणी उंदरांच्या प्रयोगावरून करा. उंदरांवरच्या कामासाठी संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीची मान्यता, प्राणिगृहातली रोजची निगा आणि प्रशिक्षणाचे आठवडे लागतात, आणि एका सत्रात हे घाईघाईने उरकणे प्राण्यांवरही अन्यायाचे आहे. त्याऐवजी परगावाहून नुकतेच आलेले, विद्यापीठाच्या आवाराची ओळख नसलेले वसतिगृहातले वीस-तीस विद्यार्थी निवडा. वसतिगृह ते विभाग ही त्यांची रोजची वाट. दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा दहाव्या आठवड्यात प्रत्येकाला एकट्याने, आवाराच्या उलट्या टोकाकडून विभागाकडे जायला सांगा. पहिल्या महत्त्वाच्या चौकात तो कुठे वळतो ते टिपा. मग मधल्या एका ठिकाणी उभे करून, जिथून मुख्य इमारत दिसत नाही तिथून, तिच्याकडे बोट दाखवायला सांगा आणि खरी दिशा व दाखवलेली दिशा यांतले अंतर अंशांत मोजा. त्याला फोनमधले होकायंत्र पुरते. ‘तू कशावरून आलास’ हे मात्र सगळ्यात शेवटी विचारा. उंदराला आपण एका वाक्यात काम समजावून सांगू शकत नाही आणि तोही कारण सांगत नाही; माणसाच्या बाबतीत दोन्ही होते, आणि आधीच विचारलेल्या प्रश्नाने माणूस आपली रीत बदलतो. आधी वर्तन, मग बोलणे, हा क्रम पाळलात तरच तुमच्या नोंदी उंदरांच्या नोंदींशेजारी ठेवता येतील. काय निष्पन्न होईल असे वाटते ते सुरुवात करण्यापूर्वी लिहून मार्गदर्शकांची सही घ्या, आणि माणसांवरच्या अभ्यासासाठीची समितीची मान्यता व प्रत्येकाची लेखी संमती विसरू नका.

प्रत्येकाचे बालपण कोठे गेले, हाही एक रकाना ठेवा. ‘सी हीरो क्वेस्ट’ या मोबाइल खेळातून ३८ देशांतल्या जवळपास ४ लाख लोकांची जी माहिती जमली, तिच्यावरून २०२२ मध्ये असे दिसले, की शहराबाहेर वाढलेले लोक सरासरीने वाट काढण्यात सरस असतात, आणि ज्या देशांतल्या शहरांचे रस्ते पट्टीने आखल्यासारखे असतात तिथे हा फरक जास्त दिसतो. राजारामपुरीच्या क्रमांक घातलेल्या गल्ल्यांत वाढलेल्या मुलाची आणि तुमच्या मंगळवार पेठेतल्या मुलीची जडण यात वेगळी असेल का, हे मला स्वतःला जाणून घ्यायला आवडेल. फोनवरच्या नकाशाची किती सवय आहे हेही विचारून घ्या.

मार्गदर्शकांना नकार देण्याऐवजी, त्यांच्या प्रयोगशाळेत रोज अर्धा तास बसू देण्याची परवानगी मागा. भुलभुलैयाच्या तिठ्यावर उंदीर थबकून दोन्हीकडे मान वळवतो ते ज्याने प्रत्यक्ष पाहिले आहे, त्याला आवारातल्या चौकात थबकलेला मुलगा वेगळ्याच नजरेने दिसतो. आणि लिहिताना शब्द जपून वापरा. निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन यांनी १९९८ मध्ये दाखवले, की स्क्रब जे हा पक्षी कोणते खाद्य, कोठे आणि किती वेळापूर्वी दडवले हे लक्षात ठेवतो. अळी नासण्याइतका वेळ गेला असेल तर तो अळी सोडून शेंगदाण्याकडे जातो. एवढे असूनही त्यांनी त्याला ‘प्रसंगस्मृती’ म्हटले नाही, ‘प्रसंगस्मृतीसदृश’ म्हटले, कारण पक्ष्याला तो क्षण पुन्हा जगल्यासारखे वाटते का, हे विचारण्याची सोय नाही. तुमच्या प्रबंधात हे ‘सदृश’ जिथे हवे तिथे असू द्या.

एक विनंती मात्र कळकळीने करते. आजोबांना तुमच्या अभ्यासातले उदाहरण करू नका. त्यांना उलट्या टोकाला उभे करून ‘आता घरी या’ असे आजमावू नका. आपण चुकलो हे नातीच्या डोळ्यांत वाचणे त्यांना फार जड जाईल. खिशात नाव, पत्ता आणि दोन फोन क्रमांकांची चिठ्ठी असू द्या. दर्शनाला रोज जायचे असेल तर जाऊ द्या, पण सोबत कोणीतरी असावे आणि वाट तीच असावी; रस्ता खोदलेला असेल त्या दिवशी वळसा त्यांच्या हाती न सोपवता तुम्ही पुढे चाला. वाटेत मोठ्या, न बदलणाऱ्या खुणा मोठ्याने बोलून दाखवा. अंबाबाईचे महाद्वार पश्चिमेला आहे, किरणोत्सवात मावळतीचे ऊन तिथूनच आत येते, हे ज्यांनी जन्मभर पाहिले त्यांना एवढ्या एका आधारावरही दिशा लागू शकते.

वडिलांना हे उत्तर वाचायला द्या, आणि डॉक्टरांकडे जाताना त्यांनाही सोबत घ्या. दिनदर्शिकेच्या मागच्या बाजूवर काढलेला तो नकाशा टाकू नका. त्याच्या कोपऱ्यात आजची तारीख घाला. महिन्याभराने आजोबांकडून सहज गप्पांत तसाच दुसरा काढून घ्या, शिवाय आताच्या घरापासून दूध आणायच्या दुकानापर्यंतचाही एक, आणि हे सगळे कागद गोळ्यांच्या पाकिटांसोबत एकाच पिशवीत ठेवा.